नंदीशने दिवसा दार लावलं

सोलापूरच्या बाळीवेशीमागच्या त्या गल्लीत दिवसाढवळ्या पुढचं दार लावायची दोनच कारणं मान्य आहेत. एक, घरचे सगळे लग्नाला गेलेत. दोन, घरातलं कुणीतरी कायमचं गेलंय. एरवी सकाळी सहाला उघडलेलं दार झोपतानाच लागतं, आणि मधल्या वेळात त्यातून शेजारी, मांजरं, भाजीवाल्या आणि सल्ले बिनदिक्कत ये-जा करतात. दार लावायला तिसरंही कारण असू शकतं हे तिथे आजवर कुणाला सुचलं नव्हतं. ते नंदीशला सुचलं. परिणाम असा की शुक्रवारी दुपारी बाराच्या आत त्याच्या धडधाकट वडिलांच्या गळ्यात घालायला झेंडूचा हार येऊन तयार होता.

नंदीशचं कारण साधं होतं. त्याला काम करायचं होतं.

आता चौतीस वर्षांच्या संसारी माणसाला काम करायचं असेल तर त्याने सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडावं आणि संध्याकाळी दमलेलं तोंड घेऊन परत यावं, ही गल्लीची व्याख्या. नंदीशने ती सात वर्षं पाळली. टॉवेलच्या एका कारखान्यात तो कॉम्प्युटरवर बसायचा. पाच महिन्यांपूर्वी त्याने ती नोकरी सोडली आणि घरातच स्टार्टअप काढलं. कडक भाकरीचं. ज्वारीची, पापडाइतकी पातळ, मंद आचेवर दाबून दाबून कडकडीत केलेली, महिनाभर टिकणारी भाकरी. सोलापुरात ती विकणारे काही कमी नाहीत, पण परगावी पोचेपर्यंत तिचा चुरा होतो. नंदीशने पुठ्ठ्याची एक गोल पेटी बनवली होती. तिच्यात पाच भाकऱ्या, वर शेंगाचटणीची पुडी, आणि पेटी एसटीच्या टपावरून खाली टाकली तरी भाकरी अख्खी. 'अखंड भाकरी' असं नावही त्याने ठेवलं होतं.

“भाकरीचं कसलं आलंय स्टार्टअप?” शेजारचे कल्लप्पा काका म्हणाले होते. “माझी आई रोज ईस स्टार्टअप थापायची की.”

नंदीशने ते हसण्यावारी नेलं नाही. तो मुळात काहीच हसण्यावारी नेत नाही. परवान्याचंच बघा. ऑनलाइन अर्जात पदार्थाचा प्रकार निवडायचा होता. बिस्किट होतं, ब्रेड होता, पापड होता, केकसुद्धा होता. भाकरी नव्हती. नंदीश तीनदा त्या कचेरीत जाऊन आला. पहिल्यांदा साहेब जागेवर नव्हते, दुसऱ्यांदा सर्व्हर जागेवर नव्हता. तिसऱ्यांदा टेबलामागचे गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, “ब्रेडमध्ये टाका की. कोण बघतंय?” तिथे नंदीशचं टाळकं सरकलं. जिच्या जिवावर अख्खा जिल्हा उभा आहे तिला ब्रेड म्हणायला तो तयार नव्हता. तिथेच बाकावर बसून त्याने दोन पानी अर्ज लिहिला, 'भाकरी हा स्वतंत्र पदार्थ असून' अशी सुरुवात करून. दीड महिन्याने परवाना आला तो 'इतर' या प्रकारात. नंदीशने तो फ्रेम करून भिंतीवर लावला. ब्रेडपेक्षा 'इतर' कधीही बरं.

पण परवाना ही खरी अडचण नव्हती. खरी अडचण होती ती तो घरी दिसण्याची. घरी दिसणारा माणूस रिकामा असतो, आणि रिकाम्या माणसावर सगळ्यांचा हक्क असतो. “तू घरीच हायस की,” एवढं म्हटलं की झालं. पाच महिन्यांत त्याने चार घरांचे गॅस सिलिंडर उतरवून घेतले, दोघांची लाइटबिलं दुरुस्त करून आणली, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना एसटी स्टँडवरून आणून सोडलं, आणि नाव-गाव माहीत नसलेल्या एका गृहस्थांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊन परत आणलं. वडील तर समोरच. शरणप्पा पस्तीस वर्षं एकाच टेबलावर नोकरी करून निवृत्त झालेले, आणि आता सकाळी सात ते अकरा दारापुढच्या कट्ट्यावर पेपर वाचण्याची ड्यूटी तितक्याच नेमाने करणारे. जाणारा-येणारा विचारायचा, “नंदीश काय करतो सध्या?” शरणप्पा पेपरातून मान वर न करता म्हणायचे, “घरीच असतो.”

आत भाकऱ्या मोजणाऱ्या नंदीशला ते दरवेळी ऐकू यायचं आणि दरवेळी लागायचं. बाहेरच्यांचं सोडा, पण बापानेही तेच म्हणावं?

मग तो मोबाइलवर एका दाढीवाल्या गुरुजींचे व्हिडिओ बघू लागला. ध्येयावरून नजर कशी हटू द्यायची नाही, हा गुरुजींचा विषय. त्यांचा पहिला उपाय होता रोज आरशात बघून स्वतःला बजावण्याचा. नंदीशने मोरीतल्या आरशापुढे मूठ आवळून म्हटलं, “मी थांबणार नाही. मी वाकणार नाही.” बाहेरून शरणप्पांचा आवाज आला, “मग भायेर तरी ये. मी कवाचा थांबलोय.” दुसरा उपाय, ध्येय मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहा. नंदीशने लिहिलं, '१००० भाकरी, शुक्रवार, ५ वाजता.' कल्लप्पा काकांनी ते वाचून हात जोडले आणि विचारलं, “कुठल्या देवाचा नवस म्हणायचा?”

नवस नव्हता, पण अटीतटीचा मामला होताच. बार्शीचे गुरुलिंग मामा, म्हणजे नंदीशच्या दिवंगत आईचे भाऊ, एका शिक्षणसंस्थेत त्याच्यासाठी क्लार्कची जागा धरून बसले होते. शरणप्पांनी परस्पर होकार कळवला होता. खूप वादावादी झाली आणि शेवटी तोड निघाली ती अशी. पुण्याच्या एका मोठ्या दुकानाने नंदीशला पहिली ऑर्डर दिली होती. दोनशे पेट्या, हजार भाकऱ्या, सगळ्या एकसारख्या, आणि शुक्रवारी पाचला सात रस्ता चौकातून सुटणाऱ्या पार्सलच्या गाडीत. माल गेला तर बार्शीचा विषय बंद. नाही गेला तर सोमवारच्या पहिल्या एसटीने नंदीशने मुकाट्याने कामावर रुजू व्हायचं. “शब्द दे,” शरणप्पा म्हणाले. नंदीशने दिला.

भाकऱ्या करायला चिमाबाई आणि तिच्या दोन जावा यायच्या. तिघींचा हात असा की एक भाकरी काढून दुसरी तराजूत टाकली तरी काटा तसूभर हलू नये. अख्ख्या सोलापुरात नंदीशला 'मालक' म्हणणारी चिमाबाई ही एकमेव व्यक्ती होती. बुधवारपर्यंत सगळं वेळेत चाललं होतं. गुरुवारी मात्र कल्लप्पा काका पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी मोबाइल घेऊन आले. “दोन मिनिटाचं काम हाय, तू घरीच हायस की.” काम एवढंच होतं की मोबाइलपुढे चेहरा धरून डोळे मिचकवायचे. काकांनी आयुष्यात कधी ठरवून डोळे मिचकवले नव्हते. ते एकतर डोळे वटारत, नाहीतर गच्च मिटत. मोबाइल म्हणे, चेहरा आढळला नाही. सव्वातीन तासांनी काका सरकारदरबारी जिवंत ठरले, पण तोवर परसात चिमाबाईचं पीठ संपलं होतं, गिरणीत जाणारा माणूस काकांचे डोळे मिचकवत बसला होता, आणि तीन बायका थंड तव्यापुढे हात बांधून बसल्या होत्या. संध्याकाळी मोजल्या तेव्हा भाकऱ्या भरल्या सहाशे चाळीस. शुक्रवारी तीनशे साठ करायच्या होत्या.

नंदीश तडक नवी पेठेत गेला आणि एक जाडजूड कडी विकत घेऊन आला. बायकोला, सिद्धेश्वरीला, तो म्हणाला, “उद्या दार बंद. उद्या ब्रह्मदेव आला तरी दार उघडणार नाही.”

ती शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे निर्धार म्हणजे काय आणि तो किती वेळ टिकतो याचा तिला अनुभव आहे. “ब्रह्मदेवाचं सोडा हो,” ती म्हणाली, “कल्लप्पा काकांचं काय?”

शुक्रवारी ती शाळेत गेल्यावर आठ वाजता नंदीशने दार लावलं. गुरुजींच्या आज्ञेप्रमाणे मोबाइल बंद करून ज्वारीच्या डब्यात खोल पुरला. चिमाबाईला आदल्या दिवशीच बजावलं होतं, दहाला या आणि कडी तीनदा वाजवा. आणि शरणप्पांना त्याने कट्ट्यावर जाऊच दिलं नाही. पेट्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं, वर पंचवीस मिनिटं बोलायचं नाही असंही सांगितलं. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती, हा गुरुजींचा तिसरा उपाय. शरणप्पांनी चौदा लेबलं चिकटवली, त्यातली सहा उलटी, आणि मग विश्रांतीची पाच मिनिटं आधीच घेऊन टाकावीत या विचाराने तिथेच चटईवर आडवे झाले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, छातीवर जुळलेले हात. नंदीश शेजारी बसून चटणीच्या पुड्या भरू लागला. चटणी ताज्या मिरचीची होती. दहाव्या पुडीला त्याचे डोळे वाहायला लागले.

इकडे कल्लप्पा काका नेहमीप्रमाणे पेपरचं मधलं पान मागायला आले. कट्टा रिकामा. दार बंद. त्यांनी दार वाजवलं. आत पंचवीस मिनिटं चालू होती, नंदीशने लक्ष दिलं नाही. काका खिडकीशी गेले आणि फटीला डोळा लावला. शरणप्पा आडवे, निश्चल, तोंड किंचित उघडं. शेजारी मुलगा मान खाली घालून घळाघळा रडतोय, टॉवेलने डोळे पुसतोय, परत रडतोय. “नंदीश!” काकांनी हाक मारली. नंदीशने वर न बघता नुसता हात हलवला. त्याला म्हणायचं होतं, नंतर या. काकांना जे समजायचं ते समजलं.

पुढच्या तीन तासांत गल्लीने जे काम केलं त्यात काकणभरही ढिलाई नव्हती, हे कबूल करायला हवं. पंचवीस मिनिटांची कसरत न करता त्यांनी मंडप टाकला, खुर्च्या आणल्या, अंघोळीच्या पाण्याला लाकडं आणली, अंत्ययात्रेचं विमान बांधायला बांबू आणि झेंडूचे हार आणले. फुलांनी सजवलेला टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा केला. मोबाइलवर सगळ्यांना निरोप गेला, बार्शीलासुद्धा. दहाला चिमाबाई आणि तिच्या जावा आल्या त्यांना कोपऱ्यावरच अडवलं. “आज ह्या घरात चूल पेटायची न्हाई, बाई.” ज्या घरात मयत झालं तिथे चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणून देतात, हे चिमाबाईलाही माहीत होतं. ती रस्त्याच्या कडेला पदर तोंडाला लावून बसली. “मालकाच्या माघं कोन न्हाय आता,” असं म्हणून रडलीसुद्धा.

आत नंदीशला बाहेरचा गलका ऐकू येत होता. बांबूंचा आवाज, खुर्च्यांचा आवाज, माणसांचा आवाज. आणि त्याला स्वतःचा अभिमान वाटत होता. गल्लीत कुणाचं तरी काहीतरी आहे, एवढा गोंगाट चाललाय, पण आपलं लक्ष तसूभर ढळलेलं नाही. गुरुजींना हे कळवायला हवं, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

पावणेबाराला मात्र त्याला चिमाबाईची चिंता लागली. कडी तीनदा काय, एकदाही वाजली नव्हती. त्याने दार उघडलं.

समोर अख्खी गल्ली होती. पुरुष टोप्या काढून, बायका फडक्याखाली झाकलेल्या टोपल्या घेऊन. टोपल्यांतून पिठल्याचा वास येत होता. तो वास नंदीशला ओळखीचा होता. आई गेली तेव्हा तीन दिवस घरात तोच वास होता.  आपलं कोण गेलं, हे त्याला कळेना.

“सोस तम्मा, सोस बाळा,” म्हणत कल्लप्पा काकांनी त्याला मिठी मारली. “किती वाजता गेले अण्णा?”

तेवढ्यात मागून आवाज आला. “कल्ल्या, मधलं पान नेलास काय रे?”

शरणप्पा डोळे चोळत उंबऱ्यावर उभे होते. पुढच्या क्षणाला एक खुर्ची, दोन टोपल्या आणि कल्लप्पा काका खाली पडले. कुणी 'शिवा शिवा' म्हणालं, कुणी पळालं, कुणी लांबूनच पाया पडलं. सिद्धेश्वरी नेमकी तेव्हाच रिक्षातून उतरली. रडून सुजलेल्या डोळ्यांनी तिने सासऱ्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“फोन कुठाय तुमचा?”

“ज्वारीच्या डब्यात,” नंदीश म्हणाला.

तिने आत जाऊन फोन ज्वारीतून उपसला आणि त्याच्या हातात ठेवला. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं नंदीशला वाटलं.

शरणप्पांनी मात्र परिस्थिती लवकर ताब्यात घेतली. खुर्चीवर बसून त्यांनी कोण कोण आलंय ते बारकाईने पाहिलं, कोण आलेलं नाही ते त्याहून बारकाईने पाहिलं, आणि मोबाइलवरचा निरोप दाखवा म्हणाले. चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागले. “शांत व मनमिळाऊ स्वभावाचे शरणप्पा अण्णा यांचे राहत्या घरी दुःखद निधन.” 'मनमिळाऊ'वर ते समाधानाने थांबले. मग पुढे वाचलं. “त्यांच्या मागे शिक्षिका सून व एक बेकार मुलगा असा परिवार आहे.”



“हे कुणी लिव्हलं?”

“घाईत लिव्हलं, अण्णा,” कल्लप्पा काका कपाळाचं टेंगूळ चोळत म्हणाले. “तुमीच म्हणता की रोज. घरीच असतो म्हणून.”

शरणप्पांनी मोबाइल खाली ठेवला. “मी म्हणतो. मी बाप हाय त्याचा. त्याला काय म्हणायचं ते माझ्या घरात, माझ्या तोंडानं. मी मेल्यावर सगळ्या जिल्ह्याला ओरडून सांगायला तुमी कोण लागून गेला?”

“पण जाऊ दे की तम्मा आता,” कुणीतरी नंदीशला म्हणालं. “तुझ्या बाया आल्या न्हाईत, बारा वाजले. बार्शीची नोकरी काय वाईट न्हाई.”

नंदीश इतका वेळ उंबऱ्यावर उभा होता.  “जाणार नाही,” तो म्हणाला. आवाज जरा चिरकला, पण म्हणाला. “आई गेली तेव्हा तुम्ही तीन दिवस या घरी भाकरी आणली. ते मी जन्मात विसरणार नाही. पण इथे माणूस मेला की तुम्ही अर्ध्या तासात मंडप टाकता, आणि माणूस काम करतो म्हटलं की त्याला सिलिंडर उतरवायला बोलावता. काम करायला दार लावलं तर मयत समजता. समजा. पाच वाजायचेत अजून. एकट्याने थापाव्या लागल्या तरी थापीन.”

आणि तो खरोखरच आत गेला, परातीत पीठ घेतलं, आधण ओतलं आणि मळायला बसला. नंदीशला भाकरी येत नाही हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं, तरी सगळ्या दारातून वाकून बघू लागल्या. पहिली भाकरी तव्यावर जायच्या आधीच फाटली. दुसरी त्याने अर्धी तव्यावर आणि अर्धी स्वतःच्या पँटवर टाकली. तिसरी घेतली तेव्हा गर्दीतून वाट काढत चिमाबाई आली. तिने डोळे पुसले, पदर खोचला.

“सरा मालक. पिठाचे हाल बगवंनात मला.”

तीन बायका, तीन तवे, तीनशे साठ भाकऱ्या आणि पाच तास. ते जमणार नव्हतं, हे चिमाबाईने पहिली भाकरी थापतानाच सांगून टाकलं. तेव्हा शरणप्पा उठले आणि काठी आपटून बायकांना म्हणाले, “मला पोचवायला दिवसभराची सवड काढून आलात न्हवं? मी काय आज जात न्हाई. सवड तर हायच तुमच्याकडं. तवे घिऊन या की.”

पाऊण तासात परसात अकरा शेगड्या लागल्या. डोक्याच्या टोप्या तीनच होत्या, बाकीच्यांनी फडकी बांधली. सिद्धेश्वरीने सगळ्यांचे हात साबणाने धुवून घेतले, नखं तपासली, दोघींना परत पाठवलं. चिमाबाईचा त्या दिवशीचा रुबाब काय सांगावा. जन्मभर भाकऱ्या थापलेल्या बायकांच्या भाकऱ्या ती उजेडाला धरून बघायची आणि म्हणायची, “जाड हाय. घरी न्हेऊन खावा.” पुरुषांना मंडपात लेबलांना बसवलं. उलटं लेबल लावणाऱ्याचं नाव शरणप्पा मोठ्याने पुकारत. स्वतःची सहा त्यांनी गुपचूप सरळ करून घेतली होती.

मध्येच कल्लप्पा काकांना युक्ती सुचली. “ह्या टोपल्यातल्या शंभरेक भाकऱ्या हायत की. त्याच वाळवून भरा.”

“नाही,” नंदीश म्हणाला. “पेटीवर एकसारखी असं छापलंय.”

“मग ह्याचं काय करायचं?”

“वाढा,” शरणप्पा म्हणाले. “आपल्यात सुतक न्हाई.” आणि स्वतःच्याच मयताचं पिठलं ते दोनदा मागून जेवले. जरा खारट झालंय, एवढी तक्रार मात्र त्यांनी नोंदवली.

चार वाजून वीस मिनिटांनी हजारावी भाकरी पेटीत गेली. आता दोनशे पेट्या सात रस्त्यावर न्यायच्या होत्या, आणि गल्लीच्या तोंडाशी एकच गाडी उभी होती. झेंडूच्या माळांनी नटलेला तो टेम्पो. माळा काढायला वेळ नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, “आपल्याला काय, कुठं बी जाऊ. भाडं सारखंच.” पेट्या मागे रचल्या, नंदीश त्यांना धरून बसला, आणि शरणप्पा पुढच्या सीटवर ताठ बसले. माझ्यासाठी आणलेली गाडी आहे, मी येणार, असं त्यांचं म्हणणं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शरणप्पांच्या समाजात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. त्यामुळे फुलांच्या टेम्पोत पुढे ताठ बसलेले पांढऱ्या कपड्यांतले वृद्ध गृहस्थ बघून रस्ता आपोआप मोकळा होऊ लागला. रिक्षा बाजूला झाल्या, मोटरसायकली थांबल्या, माणसांनी हात जोडले. एरवी तिथे हॉर्नला कुणी दाद देत नाही. कुणी नमस्कार केला तर परत करायचा, ही शरणप्पांना लहानपणापासूनची शिकवण. ते दोन्ही बाजूंना नमस्कार करत चालले. त्यांच्यामागे रस्त्यावर काय काय झालं ते बघायला नंदीशला सवड नव्हती. तो पेट्या धरून बसला होता.

सात रस्त्याच्या अलीकडे समोरून एक रिक्षा आली. तीत बार्शीहून आलेले गुरुलिंग मामा होते, रडवेले, हातात उपरणं. त्यांनी टेम्पो पाहिला, दाजींना बसलेलं पाहिलं आणि रिक्षातूनच हंबरडा फोडला, “दाजी! मला न भेटताच निघाला!”

दाजींनी वळून पाहिलं. “गुरुलिंग, मागनं ये. पाचच्या आत पोचायचं हाय.”

मामांना रिक्षावाल्याने पाणी पाजलं. मामा पार्सलच्या ऑफिसात पोचले तेव्हा पाचला सात कमी होते आणि नंदीश शेवटच्या पेट्या चढवत होता. गाडी हलली. नंदीश ती दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभा राहिला. अंगभर पीठ, केसांत झेंडूची पाकळी, डोळे लाल. मग तो वडिलांकडे वळला, पण शरणप्पा मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

मामांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. “मग सोमवारी रुजू व्हायचं ते—”

“मामा,” नंदीश म्हणाला, “सोमवारी मला काम आहे.”

मामांनी आधारासाठी दाजींकडे पाहिलं. दाजी म्हणाले, “गुरुलिंग, चहा पिणार काय?”

पुण्याहून शनिवारी निरोप आला. हजारात तीन भाकऱ्या तुटल्या, पुढच्या शुक्रवारी दुप्पट पाठवा. त्या तीन नक्की कुणी थापल्या यावर गल्लीत अजून एकमत नाही.

सोमवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे बार्शीची एसटी सुटून गेल्यावर, नंदीशने दार लावलं. नवी कडी घातली. दारावर पुठ्ठ्याची पाटी टांगली होती. 'दार बंद आहे. घरात सगळे जिवंत आहेत. काम चालू आहे.' पाटीच्या बरोबर खाली, कुणाला शंका राहू नये म्हणून, शरणप्पा कट्ट्यावर पेपर उघडून बसले होते.

कल्लप्पा काका आले. पाटी वाचली. अण्णांना नीट निरखून पाहिलं.

“नंदीश हाय काय? गॅसवाला आलाय, सिलिंडर उतरवून—”

“न्हाई,” शरणप्पा पेपरातून मान वर न करता म्हणाले. “कामावर गेलाय.”

“आं? त्याच्या चपला तर हितंच हायत की.”

“कामावर गेलाय म्हटलं न्हवं? एकच्या पुढं ये.” आणि त्यांनी मधलं पान काढून काकांच्या हातात दिलं.

दाराच्या आत नंदीश पुड्या मोजत होता. त्याचा आकडा चुकला. त्याने टॉवेल घेतला आणि बराच वेळ डोळे पुसत बसला. चटणीचा डबा त्याने अजून उघडलाही नव्हता.